टोपल्याखालचं पाऊल

"पुंजाजी, हे टोपलं म्हणजे तुझं डोकं समज," ठाणेदार सरनाईक म्हणाले. "एकदा जागचं हललं की परत बसायचं नाही."

पैनगंगेच्या वाळूत एक बांबूचं टोपलं पालथं पडलं होतं. शेजारी दहा पावलांवर रक्ताचा काळा डाग होता. धामणखेडच्या बळीराम पाटलांचा धाकटा भाऊ आनंदा पहाटे तिथे मरून पडलेला सापडला होता. मानेवर कुऱ्हाडीचे दोन घाव. प्रेत आम्ही गाडीत घालून तालुक्याला रवाना केलं होतं. राहिलं होतं ते हे टोपलं आणि त्याच्याखाली एक पाऊल.

शिमगा नुकताच होऊन गेला होता. नदी आटून निम्म्यावर आली होती. अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मुलूख. गुडघाभर पाणी ओलांडलं की आमचा कायदा संपायचा आणि तिकडचा कधी सुरू व्हायचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा ठिकाणी वाघझरीची चौकी. चौकीत ठाणेदार खंडेराव सरनाईक, मी आणि आणखी एक शिपाई. पाच वर्षांत सरनाईकांनी त्या काठावरचे चार दरोडेखोर पकडले होते. कुणाकडून लाचेचं पान त्यांनी खाल्लं नव्हतं आणि कुणाला हकनाक काठी मारली नव्हती. लोक त्यांना भ्यायचे. मी तर जरा जास्तच भ्यायचो, कारण महिन्यापूर्वीच पहाऱ्यावर झोपलेल्या एका शिपायाचा पट्टा त्यांनी सगळ्यांसमोर उतरवून घेतला होता.

त्या मुलखात माग काढायची एक रीत होती. गुन्ह्याच्या जागी पहिलं पाऊल ज्याला दिसेल त्याने ते टोपल्याने झाकायचं. मग पागी, म्हणजे माग काढणारा, येईपर्यंत टोपलं कुणी उचलायचं नाही. पाटलाने नाही, ठाणेदाराने नाही. आधी चार नजरा पडल्या की प्रत्येक जण आपापलं सांगतो आणि पागीचं डोकं फिरवतो, असं म्हणायचे. म्हणून पहाटे अर्धवट उजेडात कोतवालाने ते पाऊल झाकलं, त्यानंतर आम्हीही पाहिलं नव्हतं. बाकीची पावलं प्रेताभोवती जमलेल्या गावाने तुडवून टाकली होती. उरलं ते हे एकच.

सरनाईक घोड्यावर बसले. पागी डोमाजी सहा कोसांवर राहायचा, त्याला आणायला ते स्वतः निघाले.

"दुपार टळेपर्यंत येतो. जागेवर राहा," ते म्हणाले.

"जी साहेब."

मी चोवीस वर्षांचा होतो. चार बुकं शिकलेला, अक्षर वळणदार, लग्न होऊन सहा महिने झालेले. आदली सगळी रात्र गस्तीत गेली होती. सकाळभर मी उन्हात ताठ उभा राहिलो. मग बसलो. मग एका बाभळीच्या सावलीला टेकलो, नुसता टेकलोच. हे 'नुसता टेकलो' मी पुढे स्वतःला किती वेळा सांगितलं त्याला सुमार नाही. खरं ते एवढंच की मी घोरत होतो.

जाग आली ती घुंगरांच्या आवाजाने. दोन पांढरे बैल पाणी पिऊन काठ चढून चालले होते आणि त्यांच्यामागे लाल पागोट्याचा एक माणूस होता. तांड्यावरचा बंजारा. त्याने वळून पाहिलं नाही.

मी टोपल्याकडे धावलो. टोपलं होतं, पालथंच होतं, पण पहिल्या जागेपासून दोन हात सरकलेलं. सभोवती बैलांच्या खुरांचा नुसता चिखल झालेला. मी रीत मोडली आणि टोपलं उचललं. खाली उजव्या पायाचं एक स्वच्छ पाऊल होतं. इतकं ताजं की कडेची वाळू अजून ओलसर होती. टोपल्याच्या मूळ जागी खुरांचा खड्डा पडला होता.

काय झालं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बैलाने टोपलं उडवलं होतं. मागून येणाऱ्या त्या भल्या माणसाने ते उचलून पुन्हा पालथं घातलं होतं, आणि घातलं ते स्वतःच्याच पावलावर.

मी काय करायला हवं होतं? तिथे बसून राहायचं आणि साहेब आले की सांगायचं, साहेब, झोप लागली, पाऊल गेलं. पट्टा गेला असता. गावात छी-थू झाली असती. सासऱ्याने तोंड फिरवलं असतं. यापेक्षा जास्त काही झालं नसतं.

मी टोपलं त्याच ताज्या पावलावर परत ठेवलं. बाभळीची एक फांदी मोडली आणि पाण्यापासून काठापर्यंत बैलांचं एकेक खूर पुसून काढलं. काठावरच्या वाटेवर गावभरच्या गुरांची खुरं होतीच, तिथे ही वेगळी ओळखू येणार नव्हती. माणसाची पावलं तेवढी राहू दिली, कारण पागीला पुढे जायला काहीतरी लागणारच होतं. एवढी अक्कल त्या घाबरलेल्या अवस्थेतही मला सुचली, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

डोमाजी ऊन कलताना आला. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. हातात पाऊल मोजायची वेताची काठी. धामणखेड धरून तीन गावांचा पागी तो. त्याच्या बापाचं, आजाचंही तेच काम. त्याने वाळूला हात लावून कपाळाला लावला, टोपलं उचललं आणि उकिडवा बसला. बराच वेळ बसला.

"रातचं पाऊल हाय म्हंता," तो हळू आवाजात म्हणाला. "रातच्या वाळूवरून किडे चालतात, बाप्पा. यावर एक रेघ नाई."

"टोपल्याखाली किडा कुठून येणार?" मी म्हणालो. जरा घाईनेच म्हणालो.

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "टोपलं पहाटी झाकलं. रात तं त्याच्या आंधी होती." मग त्याने विचारलं, "शिपाईदादा, टोपलं हललं तं नाई?"

सरनाईक माझ्या मागेच उभे होते.

"नाही," मी म्हणालो. "मी जागचा उठलो नाही."

पहाऱ्यावरच्या माणसाने एकदा सांगितलं की पागीने ते धरून चालायचं, हीदेखील रीतच. पागी वाळू बघतो, पहारेकरी टोपलं बघतो; एकाने दुसऱ्याच्या कामावर संशय घेतला तर माग पुढे सरकायचाच नाही. डोमाजीने काठीने पाऊल मोजलं, मापाच्या जागी काठीला दोऱ्याची गाठ मारली आणि तो चालू लागला. त्याने पुन्हा वर पाहिलं नाही.

माग अर्ध्या कोसावरच्या तांड्यात गेला आणि एका खोपटासमोर थांबला. तिथे तो माणूस बैलांना कडबा टाकत होता. लाल पागोटं खुंटीला टांगलेलं. नाव थावरा. डोमाजीने त्याचा पाय काठीवर धरला. माप गाठीला बरोबर जुळलं.

"मी गेलतो न नदीवर," थावरा म्हणाला. त्याला अजून काही कळलंच नव्हतं. "दुपारी बैल पाजाले गेलतो. बैलानं एक टोपलं पाडलं, मी सिद्धं करून ठेवलं. हे शिपाईदादा झोपेल होते, म्हून आवाज नाई देल्ला."

सगळे माझ्याकडे वळले. सरनाईक म्हणाले, "पुंजाजी?"

 माझ्या तोंडून निघालं ते स्वच्छ निघालं. "खोटं बोलतो, साहेब. बैल आले असते तर वाळूत खुरं नसती का दिसली? डोमाजीला विचारा."

सरनाईकांनी डोमाजीकडे पाहिलं.

"वाळूत खुरं नाई दिसले," डोमाजी म्हणाला. तेही खरंच होतं.

थावराच्या हातात बेडी पडली. त्याची बायको आमच्यामागे शिवेपर्यंत रडत आली. तांड्यातला एकही माणूस बोलला नाही. बोलून काय होतं ते त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. खुनाला फाशी, आणि पागीचा माग कोर्टात पुरावा म्हणून धरत असत. थावराचा गळा माझ्या एका वाक्याला टांगलेला होता आणि ते वाक्य मला कधीही मागे घेता आलं असतं. त्या संध्याकाळी चौकीपर्यंतची वाट दीड कोस होती. मी प्रत्येक झाडापाशी ठरवलं की पुढच्या झाडापाशी सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या सुमाराला अख्खं धामणखेड चौकीवर चालून आलं. चाळीसेक माणसं, काठ्या, कुऱ्हाडी. पुढे बळीराम पाटील, डोळे सुजलेले, डोक्याला फटकूर. दुसऱ्या शिपायाला साहेबांनी पहाटेच तालुक्याला कुमक आणायला पिटाळलं होतं. चौकीत आम्ही दोघेच.

सरनाईकांनी ओसरीवर खुर्ची टाकली, बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि मला म्हणाले, "तू आत कोठडीपाशी उभा राहा. किल्ली कंबरेला बांध. मी पडलो तरी दार उघडायचं नाही."

"साहेब," पाटील म्हणाले, "तुमच्याशी आमचं वैर नाई. तो मानूस आमाले द्या."

"तो सरकारचा कैदी आहे."

"कोर्टात वकील लावून सुटला तं? माह्या भावाच्या मानेत दोन बोटं जात होते, साहेब."

"सुटला तर सुटला. ते न्यायाधीश बघेल. पहिली पायरी जो चढेल त्याला मी गोळी घालीन, पाटील. आणि पहिले तुम्ही असाल तर तुम्हाला."

ज्याला ते खुनी समजत होते त्याच्यासाठी तो माणूस चाळीस जणांसमोर बसला होता. आणि ज्याला थावरा निर्दोष आहे हे पक्कं माहीत होतं तो मी, आत भिंतीला पाठ लावून.

"शिपाईदादा," थावरा गजांच्या आतून म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "आता तरी सांगा न. साहेब मरून जाईन उगाच."

मी बाहेरच्या दाराकडे बघत राहिलो.

"मी तुमाले उठवाले पाह्यजे होतं," तो म्हणाला. "माहीच चूक झाली. दमेल दिसले म्हून नाई उठवलं."

मी किल्ली घट्ट धरून उभा होतो. बाहेर कुणीतरी दगड मारला, कौल फुटलं. मला वाटलं, आता साहेबांनी गोळी घालावी किंवा लोकांनी आत घुसावं, काहीही व्हावं, पण मला बोलायला लागू नये. भित्र्या माणसाला दुसरं काय वाटणार?

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. डोमाजी येत होता. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, पायांना वाळू. रात्री तो गावातच मुक्कामाला राहिला होता आणि उजाडता उजाडता एकटाच नदीवर जाऊन आला होता. ओसरीच्या पायरीपाशी तो थांबला, डोक्याचं मुंडासं काढलं आणि हातातली वेताची काठी सरनाईकांच्या पायाशी ठेवली.  पागीने काठी खाली ठेवली म्हणजे त्याच्या घराण्यातलं काम तिथे संपलं. पुन्हा त्या घरातल्या कुणी काठी उचलायची नसते.

"माग चुकला," डोमाजी म्हणाला.

"काय?" पाटील ओरडले.

"पाय याचाच हाय. पन पाऊल रातचं नोय, दुपारचं हाय. मले काल पायताच दिसलं होतं." त्याचा आवाज कापत नव्हता. "डोयानं पायलं ते सोडलं अन् कानानं आयकलं ते धरलं. आज नदीवर गेलो. पान्याच्या कडंले बैलाचं एक खूर राह्यलं हाय. बाकीचे कोनंतरी पुसले. तो बंजारा खरं बोलते. सोडून द्या त्याले."

सरनाईक खुर्चीतून उठले. "कुणी पुसले, डोमाजी? कुणाचं ऐकलंस तू?"

मी दारात आलो होतो. कधी आलो ते कळलं नाही. डोमाजीने माझ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं. दगडासारखं पक्कं ठाऊक होतं. त्याच्या मागे चाळीस माणसं होती आणि त्याने एक नाव घेतलं असतं तर ती माझ्यावर तुटून पडली असती.

"माग मी काढला," तो म्हणाला. "जाब मी देतो. दुसऱ्याचं नाव कायले घिऊ?"

"तांड्यावाल्यांनी काय पाजलं रे तुले?" कुणीतरी किंचाळलं. "आनंदाचं रक्त इकलं यानं!"

गर्दीतून एक लाठी आली आणि त्याच्या कानशिलावर बसली. दुसरी बसायच्या आत सरनाईकांनी बंदूक हवेत झाडली आणि पायऱ्या उतरून दस्त्याने दोघांना आडवं केलं. लोक पांगले. पाटील तेवढे उभे राहिले, आपल्याच गावाच्या पागीकडे बघत, आणि मग खाली बसून लहान मुलासारखे रडायला लागले. लाठी कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. आनंदाला मारणाराही कधी सापडला नाही. तो बहुधा त्याच पहाटे नदी ओलांडून गेला होता.

कोठडी मी उघडली. थावरा माझ्याकडे न बघता बाहेर पडला. त्याने धावत जाऊन तांड्यावरून आपली गाडी आणली आणि डोमाजीला तीत घालून सात कोसांवरच्या दवाखान्यात नेलं.

डोमाजी चार दिवस जगला. सरनाईक दोनदा जाऊन आले. मला म्हणाले, "येतोस?" मी म्हणालो, चौकीत कोण राहील?

दहाव्यानंतर त्याची बायको चौकीत आली. पारबता तिचं नाव. कपाळ मोकळं, पदर घट्ट. चौकशीच्या कागदावर तिचा अंगठा हवा होता. कागद मी लिहिला होता, डोमाजीने कुणाचं नाव न घेतल्यामुळे सरनाईकांना सांगावा लागला तसा: माग काढण्यात पागी डोमाजी याची चूक झाली, ती त्याने स्वतः कबूल केली, त्यावरून जमाव प्रक्षुब्ध झाला. मी तो तिला वाचून दाखवला. 'चूक' या शब्दाशी माझा आवाज अडखळला नाही. अक्षरही छान आलं होतं.

ती अंगठा पुढे करेना.

"गावात लोक म्हंतात," ती म्हणाली, "का तीन पिढ्यात याच्या घरचा माग चुकला नवता, यानं चुकवला. काठी गेली. जागलकीची चाकरी गेली. ते जाऊ द्या. पन चार दिवस ते एकच बोलत होते, का टोपलं हललं होतं. डाक्टर म्हने, वाताच्या भरात बोलते, तिकडं ध्यान देऊ नको." ती माझ्याकडे वळली. "तुमी होते न तठी, दादा? मले येवढंच सांगा. टोपलं हललं होतं का नवतं? हललं असन तं मी चार घरी जाऊन सांगीन का माह्या मानसाची नजर चुकली नाई. दुसरं काई नाई मागत."

सरनाईकांनी हातातली लेखणी खाली ठेवली.  त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि मला कळलं की त्यांना कळलेलं आहे आणि ते मला वाट करून देताहेत. मी खरं बोललो असतो तर त्यांनी माझा पट्टा काढून घेतला असता आणि तरीही माझ्या खांद्यावर हात ठेवला असता. तो माणूस तसाच होता.

बाहेर कुणाची काठी नव्हती, कुऱ्हाड नव्हती. एक बाई होती, आणि तिला फक्त एक शब्द हवा होता.

"नाही, बाई," मी म्हणालो. "टोपलं हललं नव्हतं."

तिने मान हलवली. 

"मंग वाताच्याच भरात बोलले," ती म्हणाली, आणि तिने अंगठा पुढे केला. मी तिचा अंगठा धरून शाईत बुडवला, कागदावर टेकवला. तिचा हात गार होता. जाताना ती म्हणाली, "बरं झालं इचारलं. मी उगाच लोकाइशी भांडत होती."

ती फाटकाबाहेर गेल्यावर सरनाईक म्हणाले, "साक्षीदार म्हणून खाली तुझी सही कर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून माझी बदली होईपर्यंत, सव्वा वर्ष, त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. 'शिपाई' म्हणायचे.

पुढे मी जमादार झालो. नोकरीत एक ठपका नाही. आता ऐंशी ओलांडली. झोप लागते, भूक लागते. कादंबरीतल्या पापी माणसांसारखं मला काही दिसत बिसत नाही. फक्त पारबता मरेपर्यंत चार घरी सांगत राहिली की चूक आमच्याच माणसाची. हे मला त्या गावच्या कोतवालाने सांगितलं. तिचा नवरा मी तिला परत देऊ शकत नव्हतो. पण त्याची नजर बरोबर होती, एवढं तरी माझ्या हातात होतं. तेही मी दिलं नाही.